सौरज्वाला किती मोठी, यापेक्षा ती कशी वाढली ते बघा : क्ष-किरणांतून सूर्याचा स्फोट कसा वाचतात?

कोसाड (सुरत) : मोबाइलचं नेटवर्क तासभर गेलं किंवा जीपीएसने भलताच रस्ता दाखवला, की व्हॉट्सॲप ग्रुपवर सौर वादळाचे मेसेज फिरू लागतात. सूर्यावर ‘एक्स क्लास’चा स्फोट झालाय, आज रात्री फोन बंद ठेवा, उशाशी ठेवू नका, वगैरे. तापीच्या उत्तरेला असलेल्या कोसाड-अमरोलीत कामानिमित्त आलेली खान्देशातली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळे इथला मेसेज नवापूर, नंदुरबार, धुळ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. अशा मेसेजमधला ‘एक्स क्लास’ हा शब्द खरा असतो. पण तो मोजतात कसा आणि त्यातून काय कळतं, काय कळत नाही, हे समजलं तर घाबरायचं कधी आणि मेसेज पुसून टाकायचा कधी, हे ठरवता येतं. शिवाय या मोजमापातला मोलाचा वाटा सुरतेपासून रेल्वेने सुमारे २३० किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आणि आपल्या पुण्यात तयार झालेल्या उपकरणांचा आहे. त्याची ही सविस्तर माहिती.

सौरज्वाला म्हणजे काय?

सूर्याच्या पृष्ठभागावर काळे डाग दिसतात. तिथे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र असतं. पृष्ठभागातून वर येणाऱ्या चुंबकीय रेषा कमानीसारख्या वाकून पुन्हा खाली जातात. खालचा वायू सतत हलत असल्याने या रेषा पिळल्या जातात, ताणल्या जातात आणि त्यांच्यात ऊर्जा साठत जाते. ताण फार वाढला, की उलट दिशेच्या रेषा एकमेकींजवळ येऊन तुटतात आणि नव्या जोडीने सांधल्या जातात. मागावर ताण्याचा धागा तुटताना झटका बसतो, तसाच काहीसा प्रकार इथे होतो. फरक एवढाच, की इथे साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते आणि आजूबाजूचा वायू १ ते २ कोटी अंशांपर्यंत तापतो. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे हा आकडा किती मोठा ते कळेल. या अचानक भडक्याला सौरज्वाला म्हणतात.

क्ष-किरणांतच का पाहायचं?

साध्या प्रकाशात बहुतेक ज्वाला दिसतच नाहीत. सूर्य आधीच इतका झगझगीत, की त्यात एखादा कोपरा थोडा उजळला तरी कळत नाही. क्ष-किरणांत मात्र उलटं आहे. साडेपाच हजार अंशांचा पृष्ठभाग क्ष-किरण सोडत नाही, म्हणून तो काळा दिसतो. चमकतो तो फक्त लाखो-कोटी अंशांचा वायू. अंधाऱ्या खोलीत काडी पेटावी तशी ज्वाला तिथे उठून दिसते.

अडचण अशी, की क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत. वातावरणाचे वरचे थर ते शोषून घेतात. म्हणून सूर्याचे क्ष-किरण मोजायला माणसाला अवकाशात जावं लागलं. १९४९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी रॉकेटमधून उपकरण पाठवून ते प्रथम खात्रीने मोजले. १९७० च्या दशकापासून अमेरिकेचे ‘गोज’ उपग्रह हे मोजमाप अखंड करत आले आहेत. बातमीत दिसणारा ज्वालेचा वर्ग त्यांच्याच आकड्यावरून ठरतो.

ए, बी, सी, एम, एक्स

वर्ग पाच आहेत. ए सगळ्यांत लहान, मग बी, सी, एम आणि शेवटी एक्स. प्रत्येक पुढचा वर्ग आधीच्याच्या दहापट. एम-१ ही सी-१ च्या दहापट आणि एक्स-१ ही एम-१ च्या दहापट. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या वर्गातली पट. एक्स-५ म्हणजे एक्स-१ च्या पाचपट. एक्सच्या पुढे अक्षर नाही, त्यामुळे तिथे आकडाच वाढत जातो. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला इतकी प्रखर होती, की गोजचं उपकरण मापाबाहेर गेलं. तिचा अंदाज सुरुवातीला एक्स-२८ असा सांगितला गेला.

एक्स-१ म्हणजे पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला एका वॉटचा दहा हजारावा भाग एवढे क्ष-किरण. सूर्याकडून तिथे मिळणारी एकूण ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट. म्हणजे एक्स-१ ज्वालेचे क्ष-किरण त्याच्या एक कोटी पटींहूनही कमी. उन्हाचा चटका त्याने वाढत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हा वर्ग म्हणजे ज्वालेच्या शिखराचा फक्त एक आकडा आहे. वर्षभराच्या धंद्यातला सगळ्यांत जास्त विक्रीचा एक दिवस सांगितला, तर दुकान कसं चाललं हे कळत नाही. ज्वालेचंही तसंच आहे. खरी माहिती तिच्या चढउतारात असते.

ज्वालेचा रोजमेळ

क्ष-किरण ढोबळमानाने दोन प्रकारचे धरतात. कमी ऊर्जेचे ते मृदू, जास्त ऊर्जेचे ते कठोर. ज्वालेत दोन्ही निघतात, पण वेगवेगळ्या कारणाने आणि वेगवेगळ्या वेळी.

पहिला टप्पा तयारीचा. मोठा भडका उडण्यापूर्वी काही मिनिटं मृदू क्ष-किरण हळूहळू वाढू लागतात. बऱ्याच ज्वालांमध्ये या अगदी सुरुवातीलाच वायूचं तापमान एक कोटी अंशांच्या पुढे गेलेलं आढळतं.

दुसरा टप्पा तडाख्याचा. चुंबकीय रेषा तुटून सांधताना इलेक्ट्रॉनना जबरदस्त वेग मिळतो. ते कमानीच्या दोन्ही पायांकडे धावतात आणि खालच्या दाट थरावर आदळतात. आदळून थांबताना ते कठोर क्ष-किरण सोडतात. हा टप्पा काही सेकंदांपासून काही मिनिटांचा. आलेखावर तो उंच-उंच सुळक्यांसारखा दिसतो. कमानीच्या दोन पायांशी कठोर क्ष-किरणांचे दोन ठिपके दिसतात. जपानच्या ‘योहकोह’ उपग्रहाने १३ जानेवारी १९९२ च्या ज्वालेत आणखी एक ठिपका दाखवला, तोही कमानीच्या माथ्याच्या वर. ऊर्जा वरच्या बाजूला सुटते आणि खाली येते, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

तिसरा टप्पा रेंगाळण्याचा. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खालचा थर तापतो, तिथला वायू उसळून वर चढतो आणि कमान त्या तप्त वायूने भरते. हा वायू मृदू क्ष-किरण सोडतो. मारा थांबला, की भरणा थांबतो आणि कमान निवू लागते. त्याला काही मिनिटं लागतात, कधी काही तास.

या दोन्हींतला संबंध वर्नर न्यूपर्ट या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवला. हिशेबाच्या भाषेत तो सोपा आहे. कठोर क्ष-किरण म्हणजे त्या क्षणाला होणारी जमा, मृदू क्ष-किरण म्हणजे खात्यात साठत गेलेली शिल्लक. जमा जोरात, तर शिल्लक झपाट्याने वाढते. जमा बंद झाली, की शिल्लक शिखरावर पोचलेली असते. पुढे नुसता खर्च, म्हणजे निवणं. म्हणून मृदू क्ष-किरणांचं शिखर कठोर किरणांच्या शिखरानंतर येतं. प्रत्येक ज्वालेत हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. जिथे जुळत नाही, तिथे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याशिवाय दुसऱ्या मार्गानेही उष्णता येत असावी, असं शास्त्रज्ञ मानतात.

एका उपकरणाने काम का भागत नाही, तेही यातूनच समजतं. नुसती शिल्लक बघून जमा कशी झाली ते सांगता येत नाही.

अहमदाबादेतून सूर्यावर नजर

अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल, विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये सुरू केली. याच संस्थेच्या पुढाकारातून ‘सॉक्स’ हे सौर क्ष-किरण मोजणारं उपकरण ८ मे २००३ रोजी जीसॅट-२ उपग्रहावरून गेलं. दिवसातले काही तासच ते सूर्याकडे बघू शकत होतं, तरी शेकडो ज्वालांची नोंद त्यातून मिळाली.

पुढचं पाऊल चांद्रयान-२. जुलै २०१९ मध्ये निघालेल्या या यानाचं लँडर चंद्रावर आदळलं, म्हणून मोहीम फसली असं अनेकांच्या मनात राहिलं. पण चंद्राभोवती फिरणारा त्याचा भाग काम करत राहिला. त्यावर पीआरएलने बनवलेलं ‘एक्सएसएम’ नावाचं उपकरण आहे. ते १ ते १५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे मृदू क्ष-किरण मोजतं आणि दर सेकंदाला एक पूर्ण वर्णपट देतं. चंद्राच्या मातीतली मूलद्रव्यं ओळखायला तिच्यावर पडणारे सूर्याचे क्ष-किरण किती, हे माहीत असावं लागतं. त्यासाठी हे उपकरण होतं. पण त्याने सूर्याबद्दलच मोठी भर घातली.

२०१९-२० मध्ये सूर्य फार शांत होता. डाग जवळजवळ नव्हतेच. अशा काळात एक्सएसएमने ए वर्गापेक्षाही लहान अशा ९८ सूक्ष्म ज्वाला टिपल्या, आणि त्याही डागांच्या प्रदेशाबाहेर. सूर्य शांत दिसला, तरी त्याच्या हिशेबाच्या वहीत किरकोळ नोंदी चालूच असतात, हे त्यातून दिसलं. सूर्याचं बाहेरचं आवरण, म्हणजे किरीट किंवा कोरोना, पृष्ठभागापेक्षा शेकडो पट गरम का, या जुन्या कोड्यासाठी अशा नोंदी कामाच्या आहेत.

दुसरं निरीक्षण ज्वालेच्या वाढीबद्दलचं. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांसारखी मूलद्रव्यं किरीटात पृष्ठभागापेक्षा जास्त प्रमाणात असतात. बी वर्गाच्या नऊ ज्वालांमध्ये असं दिसलं, की ज्वाला शिखराकडे जाताना हे प्रमाण झपाट्याने उतरतं आणि पृष्ठभागातल्या प्रमाणाजवळ येतं. अर्थ सरळ आहे, कमानीत नवा भरलेला माल खालून आलेला आहे. पण ज्वाला उतरू लागताच हे प्रमाण पुन्हा लवकर पूर्ववत होतं. ते इतक्या लवकर का होतं, यावर अजून अभ्यास चालू आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम सेकंदा-सेकंदाच्या नोंदीशिवाय झालं नसतं.

आदित्य-एल१ : जमा आणि शिल्लक एकाच यानावर

२ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ११.५० वाजता श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. तिथून सूर्य कधीच पृथ्वीआड जात नाही. रात्र नाही, ग्रहण नाही.

यानावरच्या सात उपकरणांपैकी दोन क्ष-किरणांची. ‘सोलेक्स’ २ ते २२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे मृदू किरण मोजतं, ‘हेलिओस’ ८ ते १५० चे कठोर. दोन्ही इस्रोच्या बेंगळुरूच्या उपग्रह केंद्रात बनली. सोलेक्समध्ये लहान आणि मोठ्या छिद्राचे दोन शोधक आहेत. बारीक ज्वाला मोठ्या छिद्रातून मोजायची आणि प्रचंड ज्वाला लहान छिद्रातून, म्हणजे मापाबाहेर जायला नको. हेलिओसने यान वाटेत असतानाच, २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, एका ज्वालेचा तडाख्याचा टप्पा पकडला.

तिसरं नाव पुण्याचं. आयुका संस्थेने तयार केलेली ‘सूट’ ही दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याचा पूर्ण गोल टिपते. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स-६.३ ज्वाला तिने टिपली. भारतीय वेळेनुसार त्या ज्वालेचं शिखर २३ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास आलं. पुण्यात अंधार होता, पण दुर्बीण एल१ वर जागी होती. सूटला खालच्या थरात जो ठिकाणा उजळलेला दिसला, त्याच्या वर किरीटात तापमान वाढल्याचंही त्या वेळी दिसलं. जमा कुठे झाली आणि शिल्लक कुठे वाढली, या दोन्ही नोंदी अशा शेजारी ठेवता आल्या.

एक्स वर्ग आला, वादळ आलं नाही

सौरज्वाला आणि सौर वादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वालेचे क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने, आठ मिनिटांच्या थोडं पुढे, पृथ्वीवर येतात. वादळ येतं ते सूर्यावरून सुटलेल्या वायू आणि चुंबकीय क्षेत्राच्या ढगामुळे. त्याला सीएमई म्हणतात. तो साधारण एक ते चार दिवसांनी पोचतो, आणि तोही आपल्या दिशेने आला तर.

ऑक्टोबर २०१४ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, सूर्यावर अवाढव्य डाग होता. त्याने सहा एक्स वर्गाच्या ज्वाला दिल्या. एकीतूनही असा ढग सुटला नाही. याउलट २९ जानेवारी २०२२ ची ज्वाला फक्त एम-१ वर्गाची, पण बराच वेळ लांबलेली. तिच्यासोबत ढग सुटला. पुढच्या दिवसांत पृथ्वीभोवतीचं वातावरण फुगलं आणि ३ फेब्रुवारीला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ पर्यंत उपग्रह गमवावे लागले.

लांब रेंगाळणाऱ्या ज्वालेसोबत ढग सुटण्याची शक्यता जास्त असते. हा नियम पक्का नाही, ढग सुटला की नाही हे कोरोनाग्राफ नावाच्या दुर्बिणीतूनच कळतं. पण पहिली घंटा वाजते ती क्ष-किरणांच्या आलेखावर.

कोसाडवर परिणाम काय?

क्ष-किरण जमिनीवर येत नाहीत. त्यामुळे माणसाला, जनावराला, पिकाला किंवा हातातल्या फोनला त्यांच्यापासून थेट धोका नाही. ते जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या हवेत विद्युतभार वाढवतात. तो थर मग लांब पल्ल्याच्या लघुलहरी गिळतो. समुद्रावरच्या विमानांचा आणि जहाजांचा लघुलहरींवरचा संपर्क काही मिनिटं ते तास-दोन तास तुटू शकतो. मोबाइलच्या लहरी वेगळ्या असतात, त्या या थरापर्यंत जातही नाहीत.

दुसरी गोष्ट, हा परिणाम फक्त दिवसाच्या बाजूला होतो. १४ मे २०२४ ची एक्स-८.७ ज्वाला भारतीय वेळेनुसार रात्री सव्वादहानंतर शिखरावर गेली. तेव्हा सुरत अंधारात होतं, म्हणून तिचे क्ष-किरण इथल्या आकाशावर पडलेच नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स-९ ज्वाला संध्याकाळी ५.४८ ला आली, तेव्हा इथे सूर्य मावळतीला टेकला होता.

जीपीएसचा मुद्दा थोडा खरा आहे. विषुववृत्ताजवळच्या वरच्या हवेत दुपारनंतर विद्युतभारित कणांचा एक पट्टा दाट होतो. त्याचं उत्तरेकडचं शिखर गुजरातवर येतं. सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जीपीएस रिसीव्हर लावून याची मोजमापं झाली आहेत. त्यामुळे ज्वाला नसतानाही इथे संध्याकाळी जीपीएसमध्ये थोडी चूक येऊ शकते. ज्वाला किंवा वादळ आलं, तर ती वाढते.

कुलाब्याची नोंद

सावध राहण्याचं कारणही आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये साध्या प्रकाशातही दिसलेली ज्वाला नोंदवली. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं आणि युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय सुईच्या नोंदी हाताने वहीत लिहिल्या जात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांत सापडते. त्या वादळाची तीव्रता ठरवायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही या वहीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली, तेव्हा मोजमापात अडथळा नको म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं.

मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेकमध्ये ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेहून तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला. सुरत २१ अंश अक्षांशावर, ध्रुवापासून लांब आहे. त्यामुळे विजेच्या जाळ्याला धोका इथे तुलनेने कमी. उपग्रह मात्र सगळ्यांचेच आहेत.

मेसेज आला तर एवढं तपासा

* वर्ग सांगितलाय, पण तारीख आणि वेळ आहे का? नसेल, तर मेसेज जुना असू शकतो.
* ज्वाला आली तेव्हा भारतात दिवस होता का? रात्र असेल, तर क्ष-किरणांचा इथे प्रश्न नाही.
* सोबत सीएमई सुटला का आणि तो पृथ्वीकडे येतोय का? वादळाचं उत्तर यात आहे, वर्गात नाही.
* फोन बंद ठेवायला सांगितलंय का? मग तो मेसेज पुढे पाठवू नका.

इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर एक्सएसएम आणि आदित्य-एल१ च्या नोंदी मोफत मिळतात. आदित्यची पहिली माहिती जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. सोलेक्स आणि हेलिओसचे आकडे एकाखाली एक मांडून आलेख काढणं, हे बारावीनंतरच्या कोणत्याही मुलाला संगणकावर जमण्यासारखं आहे. मग ती मुलं सुरतेत शिकत असोत की नंदुरबारला. एका ज्वालेची जमा आणि शिल्लक स्वतः जुळवून पाहिली, की पुढच्या मेसेजमधलं खरं-खोटं ओळखायला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.